न उच्चारलेला विलाप : फॉक्नरच्या ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’मधील बायबल आणि इतिहास

विल्यम फॉक्नर यांची ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. लेखनाच्या आरंभी लेखकाने तिच्यासाठी ‘काळोखे घर’ अशा अर्थाचे शीर्षक योजिले होते. ते बाजूस सारून त्याने बायबलमधील एका पित्याचा आक्रोश मुखपृष्ठावर आणला. शीर्षक वाचून कादंबरीत शिरणारा वाचक साहजिकच त्या नावाचा शोध घेऊ लागतो, आणि त्याची निराशा होते. अबशालोम हे नाव कोणत्याही पात्राला दिलेले नाही. सटपेन घराण्याची दावीद राजाच्या घराण्याशी तुलना कोणताही निवेदक करीत नाही. ज्या संदर्भाने ग्रंथाचे दार उघडते, तो संदर्भ दारातच थांबतो.

विद्यापीठीय अभ्यासात अशा संदर्भांची कोष्टके करण्याचा प्रघात आहे. एका स्तंभात बायबलमधील नावे, दुसऱ्यात कादंबरीतील नावे आणि मधोमध समानतेचे चिन्ह. फॉक्नरच्या या कादंबरीपुढे ही पद्धती निरुपयोगी ठरते. येथील संदर्भ जुळतात तेथे फारसे बोलत नाहीत. ते जुळता जुळता अपुरे राहतात तेथे त्यांचा खरा अर्थ आहे. ही गोष्ट बायबलच्या संदर्भापुरती पुष्कळांनी ओळखली आहे. कादंबरीतील इतिहासाच्या उल्लेखांनाही तोच नियम लागू पडतो, आणि दोन्हीकडची उणीव मूळात एकच आहे, हे मात्र सावकाश लक्षात येते.

प्रथम मूळ कथा ध्यानात घ्यावयास हवी. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीदाचा पुत्र अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे मनात वैर धरतो आणि मेंढरांच्या लोकरकातरणीच्या प्रसंगी अम्नोनाचा वध करवितो. पुढे तो गशूरास पळून जातो, तीन वर्षांनी परततो. परंतु यरुशलेमेत राहूनही दोन वर्षे त्याला राजाचे मुखदर्शन घडत नाही. अखेर राजा त्याचे चुंबन घेतो. तरीही अबशालोम वेशीपाशी उभा राहून लोकांची मने आपल्याकडे वळवितो, बंड करतो आणि रणातून जाताना एका वृक्षात अडकून यवाबाच्या हातून मारला जातो. दोन वेशींच्या मधल्या जागेत वार्तेची वाट पाहणारा दावीद ती वार्ता ऐकताच वेशीवरच्या माडीत जाऊन रडतो. एका वचनात तो पाच वेळा ‘माझ्या पुत्रा’ अशी हाक मारतो. त्याच्या जागी आपण मेलो असतो तर बरे, असे म्हणणारा हा राजा त्या घटकेस राजा उरलेला नसतो. तो केवळ बाप असतो.

आता कादंबरी पाहावी. थॉमस सटपेन हा १८३३ साली मिसिसिपी राज्यातील जेफर्सन या कल्पित गावी अवतरतो आणि एका इंडियन सरदाराकडून शंभर चौरस मैल जमीन मिळवितो. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॉन्टोटॉकच्या तहाने चिकसॉ लोकांनी मिसिसिपीतील आपली भूमी अमेरिकन शासनाच्या हवाली केली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या जमिनीच्या तळाशी असलेला पहिला अन्याय दिसतो. क्वेन्टिनच्या कल्पनेत मात्र हे दृश्य उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिनिर्मितीसारखे उभे राहते. शून्यावर आज्ञा व्हावी आणि प्रकाश व्हावा, तसे सटपेनच्या शब्दासरशी घर उठते, बागा उठतात. निर्मात्याचे स्थान घेणाऱ्या या माणसाला एलेनपासून हेन्री आणि ज्युडिथ ही दोन अपत्ये होतात. हेन्रीला विद्यापीठात चार्ल्स बॉन नावाचा देखणा, वयाने मोठा मित्र भेटतो. ज्युडिथ आणि बॉन यांचा विवाह ठरू पाहतो. सटपेन तो विवाह मोडतो, आणि १८६० च्या नाताळात हेन्री आपल्या ज्येष्ठत्वाच्या हक्कावर पाणी सोडून मित्रासह घर सोडतो. एसावाची आठवण येथे येतेच. परंतु त्याच आठवड्यात, २० डिसेंबर १८६० रोजी, साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले होते. कुटुंब आणि राष्ट्र एकाच वेळी दुभंगतात. चार वर्षांच्या युद्धानंतर, मे १८६५ मध्ये, हेन्री घराच्या फाटकापाशी बॉनला गोळी घालतो आणि नाहीसा होतो.

बॉन हा सटपेनचाच हैती येथील पहिल्या पत्नीपासून झालेला पुत्र होय. तिच्या रक्तात कृष्णवर्णीयांचा अंश आहे हे कळताच सटपेनने तिचा व मुलाचा त्याग केला होता. हे सर्व वाचकाला सरळ सांगितले जात नाही. जानेवारी १९१० मधल्या एका रात्री हार्वर्डच्या थंड खोलीत बसून क्वेन्टिन कॉम्प्सन आणि त्याचा कॅनेडियन सोबती श्रीव्ह तुटक ऐकीव माहितीवरून ते रचीत जातात.

या चौकटीत अबशालोम कोण? बहिणीसाठी भावाला मारून पळून जाणारा हेन्री अबशालोमच आहे. परंतु पित्याने ज्याला मुखदर्शन नाकारले, जो आपल्या हक्काच्या घरावर चालून आला आणि मारला गेला, तो बॉनही अबशालोमच आहे. सावत्र बहिणीची अभिलाषा धरणारा म्हणून बॉन अम्नोनाच्या जागी उभा राहतो, तर पित्याच्या राज्यासाठी राजपुत्राला ठार करणारा म्हणून हेन्री यवाबाच्या जागी येतो. शीर्षकात एकच नाव दोनदा आले आहे. विलापाची ती पुनरुक्ती कादंबरीत दोन पुत्रांमध्ये वाटली गेली आहे असे म्हणता येईल. कोष्टकाचा येथे पराभव होतो, कारण प्रत्येक पुत्र दोन जागांवर उभा आहे. एक जागा मात्र पूर्णपणे रिकामी राहते. ती दावीदाची.

दावीद पापी आहे. उरीयाच्या वधानंतर नाथान संदेष्टा त्याला दृष्टांत सांगून त्याचा अपराध त्याच्यापुढे ठेवतो, आणि दावीद आपण पाप केले हे कबूल करतो. सटपेनसमोरही एक श्रोता बसलेला आहे. क्वेन्टिनचे आजोबा जनरल कॉम्प्सन यांना तो आपली हकीकत सांगतो. परंतु त्याचा प्रश्न अगदी वेगळा आहे. आपल्या योजनेत चूक कोठे झाली, हेच त्याला हवे आहे. हिशेब पडताळणाऱ्या व्यापाऱ्याप्रमाणे तो मागे मागे जातो, घटक तपासतो, आणि ‘चूक’ या शब्दापलीकडे त्याला शब्द सापडत नाही. जनरल कॉम्प्सन त्याच्या या आंधळ्या निरागसतेने थक्क होतात. पण नाथानाचे काम त्यांच्या हातून होत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या ठायी पाप या कल्पनेलाच जागा नाही. जो पाप ओळखीत नाही त्याला विलापही करता येत नाही. दावीदाचा आक्रोश आणि दावीदाची कबुली एकाच हृदयातून येतात, हे फॉक्नरने सटपेनच्या रूपाने उलट बाजूने दाखविले आहे.

कादंबरीच्या आठव्या प्रकरणातील छावणीचे दृश्य या दृष्टीने निर्णायक आहे. युद्ध हरत आले आहे. कर्नल सटपेन हेन्रीला तंबूत बोलावून घेतो, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरतो, त्याला ‘माझा पुत्र’ म्हणतो. बापलेक एकमेकांना आलिंगन देतात. दावीदाने अबशालोमाचे घेतलेले चुंबन येथे जणू पुन्हा घडते. परंतु त्याच तंबूत सटपेन हेन्रीला बॉनच्या आईच्या रक्ताविषयी सांगतो, आणि एका पुत्राला दिलेली हाक दुसऱ्या पुत्राविरुद्ध शस्त्र होते. बॉन त्याच छावणीत आहे. त्याला संपत्ती नको, नाव नको. बापाने एकदा ओळखीची खूण द्यावी, एक ओळ लिहावी, एवढेच तो वर्षानुवर्षे इच्छितो. ती खूण मिळाली असती तर तो आपण होऊन दूर गेला असता असे क्वेन्टिन आणि श्रीव्ह मानतात. ती मिळत नाही. बायबलमध्ये पाच वेळा आलेला शब्द येथे एकाच्या वाट्याला येतो आणि दुसऱ्याला नाकारला जातो. हे दृश्य प्रत्यक्ष घडले की नाही हेही वाचकाला कळण्याचा मार्ग नाही, कारण ते दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतले आहे. याचा अर्थ असा की पुढच्या पिढीला हा विलाप आपल्याच तोंडाने रचावा लागला. मूळ पित्याने तो केलाच नव्हता.

बायबलचा संदर्भ जेथे अपुरा राहतो, तेथेच इतिहासाचे संदर्भ सुरू होतात. हे संदर्भ पुष्कळ आहेत आणि बहुतेक नेमके आहेत. हेन्री व बॉन ज्या ‘युनिव्हर्सिटी ग्रेज’ या तुकडीत भरती होतात, ती मिसिसिपी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची तुकडी इतिहासात खरोखर होती आणि १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणात तिचा जवळजवळ निःपात झाला. परंतु काही ठिकाणी इतिहास चुकतो, आणि त्या चुकांकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे.

पहिले उदाहरण हेन्रीचे. बॉन आपला भाऊ आहे हे कळल्यावर बहिणीचा त्याच्याशी विवाह मनाला पटविण्यासाठी हेन्री इतिहासाचा आधार शोधू लागतो. राजांनी असे केले आहे. लॉरेनच्या कोणा जॉन नावाच्या ड्यूकने बहिणीशी लग्न केले आणि पोपने त्याला बहिष्कृत केले, तरी काही बिघडले नाही, असे तो स्वतःशी म्हणतो. पंधराव्या शतकात बहिणीशी विवाह करून बहिष्कृत झालेला पाचवा जाँ इतिहासात आहे; पण तो आर्मान्याकचा काउंट होता, लॉरेनचा ड्यूक नव्हे. खेड्यातल्या एका तरुणाने अर्धवट आठवणीतून ओढून काढलेला हा दाखला आहे. त्याची विद्वत्ता तपासण्यात अर्थ नाही. भगिनीविवाहासाठीसुद्धा ज्या तरुणाला इतिहासात एक पूर्वज सापडला, त्याला कृष्णवर्णीय भावासाठी एकही दाखला शोधावासा वाटला नाही, हे महत्त्वाचे आहे. हेन्रीला अगम्यगमन सोसते, वर्णसंकर सोसत नाही. हा भेद बॉन त्याच्या तोंडावर बोलून दाखवितो. त्याचा पुरावा या फसलेल्या दाखल्यात अगोदरच दडलेला आहे.

दुसरे उदाहरण हैतीचे, आणि ते अधिक गंभीर आहे. कादंबरीच्या शेवटी फॉक्नरने स्वतः कालपट जोडला आहे. त्यानुसार सटपेन १८२० मध्ये घरातून निघून जातो आणि १८२७ मध्ये हैती येथे पहिला विवाह करतो. त्यापूर्वी एका फ्रेंच मळेवाल्याच्या ऊसमळ्यावर गुलामांनी बंड केले असता, आठ दिवस वेढ्यात राहिल्यानंतर, तो एकटा अंधारात बाहेर पडून ते बंड मोडतो, आणि त्याबद्दल मालकाची कन्या त्याला मिळते. हे ऐतिहासिकदृष्ट्या अशक्य आहे. तेथील गुलामांचा उठाव १७९१ मध्ये सुरू झाला; १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले; १८०५ च्या संविधानाने गोऱ्यांना तेथे मालक म्हणून पाय ठेवण्यास मनाई केली. १८२७ च्या सुमारास हैतीत फ्रेंच मळेवाला नव्हता आणि गुलामही नव्हते. जे बंड सटपेनने मोडले असे सांगितले जाते, ते एका पिढीपूर्वीच यशस्वी झाले होते.

काही समीक्षकांनी ही लेखकाची नजरचूक मानली. काहींनी हेतुपूर्वक केलेली योजना मानली. लेखकाच्या मनात शिरण्याची आवश्यकता नाही, कारण कादंबरीतच या प्रश्नाला उजाळा देणारी एक जागा आहे. सातव्या प्रकरणात क्वेन्टिन सांगतो की सटपेन वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात जन्मला. श्रीव्ह त्याला तत्काळ अडवितो : ते राज्य १८६३ पर्यंत अस्तित्वातच नव्हते, मग १८०८ मध्ये तेथे कोणी जन्मेल कसा? क्वेन्टिन ही दुरुस्ती निमूटपणे मान्य करतो. म्हणजे कालविपर्यास ओळखण्याचे भान या निवेदनात आहे. इतकेच नव्हे, तर त्याचा मुद्दाम देखावा मांडला आहे. आणि त्याच प्रकरणात हैतीची कथा येते तेव्हा हाच चिकित्सक श्रीव्ह एक अक्षर बोलत नाही. १८६३ चा पंचावन्न वर्षांचा फरक ज्याच्या कानाला खटकला, त्याला १८०४ मुळीच आठवत नाही. या हकीकतीचा प्रवासही ध्यानात घ्यावा : सटपेनकडून जनरल कॉम्प्सनकडे, त्यांच्याकडून मुलाकडे, मुलाकडून क्वेन्टिनकडे, क्वेन्टिनकडून श्रीव्हकडे. इतक्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून आणि कानांतून जाऊनही कृष्णवर्णीयांनी जिंकलेली एक क्रांती कोणाच्या स्मृतीत उरली नाही. कादंबरी लिहिली जात असतानाचा काळ पाहिला तर हे विस्मरण आणखी विलक्षण वाटते. १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे अमेरिकन सैन्य हैतीत ठाण मांडून बसले होते. तो देश अमेरिकन वाचकाला अपरिचित नव्हता. त्याचा विजय तेवढा अपरिचित होता.

येथे बायबलचा आणि इतिहासाचा संदर्भ एकमेकांस भेटतात. सटपेनने बॉनला पुत्र म्हणून ओळख दिली नाही. हैतीच्या प्रजासत्ताकाला अमेरिकेने राजनैतिक मान्यता दिली ती १८६२ मध्ये, म्हणजे दक्षिणेचे प्रतिनिधी संघराज्याच्या संसदेतून निघून गेल्यानंतर. स्वातंत्र्यापासून अठ्ठावन्न वर्षे तो देश शेजारच्या प्रजासत्ताकाच्या दारात उभा होता. पुत्राला नाकारलेली हाक आणि राष्ट्राला नाकारलेली मान्यता यांचे मूळ एकच आहे. ज्युडिथने बॉनच्या थडग्यावर बसविलेल्या शिळेवर त्याचे जन्मस्थान न्यू ऑर्लिन्स असे कोरलेले आहे. तेथे पित्याचे नाव नाही आणि हैतीचेही नाव नाही. वाचकाला दोन्ही गोष्टी ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या कालपटात व वंशावळीत पाहाव्या लागतात.

दार आणि वेस यांची प्रतिमा या सर्वांना सांधते. सटपेन लहान असताना बापाचा निरोप घेऊन एका मळेवाल्याच्या वाड्याच्या दर्शनी दारात गेला होता, आणि तेथील कृष्णवर्णीय नोकराने त्याला मागच्या दाराने येण्यास सांगितले होते. त्या एका क्षणातून त्याची सारी योजना जन्मली. कधीकाळी असाच एखादा अनोळखी मुलगा आपल्या दाराशी येईल आणि आपण त्याला आत घेऊ, हाही त्या योजनेचा भाग होता. तो मुलगा आला. नाताळच्या सुटीत, हेन्रीचा मित्र म्हणून. सटपेनने त्याला ओळखले आणि दार लावून घेतले. दावीद वेशीवरच्या माडीत रडला. सटपेनच्या फाटकावर बंदुकीचा आवाज झाला, रडणे झाले नाही.

भारतीय वाचकाला येथे कर्णाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तोही नाकारलेला ज्येष्ठ आहे, तोही धाकट्या भावाच्या हातून मरतो. परंतु व्यासांच्या कथेत कुंती उशिरा का होईना गंगातीरी कर्णाकडे जाते, आणि युद्धानंतर सर्वांसमक्ष त्याला आपला पुत्र म्हणते. अर्जुनाला तर बाण सोडताना नाते ठाऊकच नसते. फॉक्नरच्या कथेत हेन्रीला सर्व ठाऊक आहे आणि पिता कधीच बोलत नाही. विलंबाने का होईना मिळालेली ओळख शोकाला वाट देते. येथे ती वाटही बंद आहे. मराठीत ‘ययाति’ (१९५९) आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबऱ्यांनी पुराणकथाच पुन्हा सांगितली. तेथे पुराण हे घरच आहे. फॉक्नरने पुराण घराबाहेर ठेवले आणि आत त्याची पोकळी दाखविली. या दोन रीतींत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. दुसऱ्या रीतीत मात्र वाचकावर अधिक भार पडतो, कारण जे लिहिलेले नाही त्याची उणीव त्याला स्वतः जाणवावी लागते.

मग शीर्षकातील हाक कोणाची? कादंबरीच्या अखेरीस तिला एक उत्तर मिळते. बॉनचा नातू जिम बॉण्ड हा मतिमंद तरुण सटपेन वंशाचा शेवटचा दुवा आहे. पणजोबांनी नाकारलेले आडनाव त्याच्यापर्यंत आलेलेच नाही, आणि आजोबांच्या नावाचाही अपभ्रंश झाला आहे. फ्रेंच भाषेत ‘चांगला’ असा अर्थ असलेला ‘बॉन’ इंग्रजीत ‘बंधन’ सुचविणारा ‘बॉण्ड’ झाला. १९०९ च्या डिसेंबरात क्लायटी, म्हणजे सटपेनची गुलाम स्त्रीपासून झालेली कन्या, त्या घराला आग लावते. आत लपून राहिलेला वृद्ध हेन्री तिच्यासह जळून जातो. जिम बॉण्ड तेवढा बाहेर उरतो आणि राखेभोवती टाहो फोडीत फिरतो. लोक त्याला धरू जातात, तो हाती लागत नाही. त्याचा आवाज मात्र ऐकू येत राहतो. त्या आवाजात शब्द नाहीत.

शीर्षकातला विलाप पित्याने करावयाचा होता. तो न झाल्यामुळे तीन पिढ्यांनंतर, ज्याला मुळी पुत्र म्हणूनच मोजले नव्हते अशाच्या कंठातून, तो अर्थहीन होऊन बाहेर पडतो. ज्याच्यासाठी रडावयाचे त्याला आधी ओळखावे लागते. सटपेनने आपल्या पुत्राला ओळखले आणि ती ओळख गिळली. त्याच्या प्रदेशाने शेजारच्या द्वीपावरील विजयाची ओळख गिळली. ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ हे दोन शब्द मुखपृष्ठावर ठेवून फॉक्नरने आत ते कोठेही उच्चारले नाहीत. शेवटच्या पानावरून शीर्षकाकडे परत वळणारा वाचक ते प्रथमच मोठ्याने वाचतो, आणि पित्याच्या वतीने ती हाक त्याच्याच तोंडून निघते.